भंतेंच्या बहिणीकडे

खामपूनने कमळाच्या कळ्यांचे ताट भंतेंनी पसरलेल्या पिवळ्या कापडावर ठेवले, तीनदा वाकून नमस्कार केला आणि उठताना तिच्या गुडघ्याने केलेला आवाज साऱ्या विहाराला ऐकू गेला.

"नाव हवंय," ती म्हणाली.

"नातवंड झालं?"

"दुकान."

भंतेंनी पाटी जवळ ओढली. बान था नोईच्या घाटावरच्या एकूण एक दुकानाचे नाव याच पाटीवर जन्मले होते. भातगिरणी 'धनसंपदा', पंक्चरवाला 'निर्विघ्न', शवपेट्या करणारा सुतार 'दीर्घायू', आणि तिघांचेही उत्तम चालले होते. एका तंबूतल्या सिनेमावाल्याने तेवढा शहाणपणा केला. भंतेंना न विचारता त्याने तंबूला बायकोचे नाव दिले. पहिल्याच वादळात तंबू उडून नदीपलीकडे लाओसमध्ये गेला, आणि पुढच्या महिन्यात बायकोही. त्यानंतर तसे धाडस कुणी केले नाही.

"जन्मवार गुरुवार," भंते स्वतःशीच म्हणाले. बहिणीचा वार त्यांना विचारावा लागत नव्हता. "काय विकणार?"

"पपईचा ठेचा. भाजलेली कोंबडी. चिकट भात."

"आणखी?"

"बर्फ."

"नुसता बर्फ?"

"पेल्यात घालून."

"पेल्यात बर्फाच्या जोडीला काय?"

खामपूनने वर पाहिले. तुळईवर एक पाल होती. ती पालीकडे इतक्या भक्तिभावाने पाहत राहिली की भंतेंनीही वर पाहिले. मग त्यांनी खडू खाली ठेवला.

ते नाही म्हणाले नाहीत. कुणालाच नाही म्हणायची त्यांची रीत नव्हती. नाव सुचायला वेळ लागतो, एवढेच म्हणाले, आणि अंगणातल्या आंब्याला यंदा मोहर कसा आहे ते सांगू लागले. खामपूनला सगळे कळले. दर उपोसथाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या व्रताच्या दिवशी, पांढरे वस्त्र नेसून दारू न पिण्याचे पाचवे शील ती स्वतः खणखणीत आवाजात म्हणायची. त्यातून तिने थेंबाला कधी तोंड लावले नव्हते. पण विणताना डोळ्यांना धागा दिसेनासा झाला होता, आणि घाटावर फेरीबोटीची वाट बघत मालट्रकांची रांग थेट तिच्या दारापर्यंत येत होती. तेव्हा नदीवर पूल नव्हता. ड्रायव्हर चाकांच्या सावलीत बसून गरम बीअर प्यायचे आणि नशिबाला शिव्या द्यायचे. खांबांवर उभ्या असलेल्या आपल्या घराखालची जागा खामपूनने झाडून काढली, माग एका कडेला ढकलला आणि प्लास्टिकची स्टुले आणली. बर्फाची पेटी आली. राहिले होते फक्त नाव.

"ठेव की काहीही," शेजारची थोंगसा म्हणाली. "चंद्रप्रकाश. नदीकिनारा. देवानं जिभा दिल्यात त्या काय नुसत्या मिरच्या खायला?"

चंद्रप्रकाशाचा प्रश्नच नव्हता.

आई गेली त्या वर्षी नदीने उभे भात नेले होते. धाकटा भाऊ तेव्हा तिच्या कमरेला लागत होता. पावसाळाभर डबक्याकाठी बसून असायचा म्हणून त्याला बेडक्या म्हणत. घरात एकाच्याच पोटाला पुरेल एवढे होते. तिने त्याचा हात धरला, त्याला विहारात नेऊन सोडले आणि मागे न बघता परत आली. दुसऱ्या दिवशी पहाटे भिक्खूंच्या रांगेत सर्वांत शेवटी, अंगापेक्षा मोठे चीवर सावरत तो तिच्या दारात उभा राहिला. तिने पात्रात भाताचा गोळा टाकला. भिक्षेच्या वेळी बोलायचे नसते. तो पुढे गेला.

तेव्हापासून एक पहाट चुकली नव्हती. शेवटी चालणारा पोरगा सरकत सरकत रांगेच्या अग्रभागी आला, गावाचा भंते झाला, दूरदूरच्या गावांतून लोक नावे मागायला येऊ लागले. पण बहिणीच्या दारात त्याचे थांबणे होते तेवढेच राहिले, झाकण उघडून मिटण्यापुरते. तिचा भाऊ तिला एवढाच मिळत असे. आता त्याच दारात बार निघणार होता, आणि त्याने दिलेल्या नावाची फळी वर लागली तरच तो खाली थांबेल, असे तिच्या मनाने घेतले होते.

ती नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या विहारातही जाऊन आली. तिथल्या वृद्ध भंतेंनी तिचे सगळे ऐकून घेतले, तिचे ताटही ठेवून घेतले, आणि म्हणाले की एवढा नामवंत भाऊ घरात असताना परक्याकडून नाव घेणे बरे दिसत नाही.

रंगारी सिंगखामने फळीला चारी बाजूंनी वेलबुट्टी काढून ठेवली होती. कोपऱ्यात दोन मोर होते. मधली जागा कोरी. तो रोज येऊन विचारायचा, रोज एक कोंबडी खायचा आणि जायचा. बर्फ वितळत होता. शेवटी खामपूनने कोरी फळीच वर टांगली आणि बार उघडला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती भाताची टोपली घेऊन रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली. भिक्खूंची रांग वळणावर दिसली. भंते पुढे होते. वळणावरच्या चिंचेपाशी ते क्षणभर थांबले आणि कालव्याच्या वाटेने वळले. एकामागून एक सारी चीवरे त्यांच्यामागे गेली.

खामपून बसून राहिली. थोंगसाने येऊन तिला हाताला धरून उठवले.

"गुडघे दुखत असतील त्यांचे," थोंगसा म्हणाली. "कालव्याची वाट मऊ आहे."

त्या दिवसापासून रोज ती टोपली घेऊन बसायची, रांग रोज चिंचेपाशी वळायची, आणि तिचा भात थोंगसा आपल्या भाताबरोबर कालव्याकडे नेऊन पात्रात टाकायची.

बार मात्र भरभरून चालला. आणि चालत्या गोष्टीला लोक नावाविना राहू देत नाहीत. कोऱ्या फळीखाली बसलेल्या ड्रायव्हरांनी पहिल्याच आठवड्यात नाव ठेवून टाकले: भंतेंच्या बहिणीकडे. संध्याकाळी भेटू, कुठे, भंतेंच्या बहिणीकडे. हे नाव इतके सोयीचे निघाले की घाटावरच्या नवऱ्यांना तर ते वरदानच वाटले. उशीर का झाला म्हणून बायकोने विचारले की खाली मान घालून सांगायचे, भंतेंच्या बहिणीकडे बसलो होतो. बायका हात जोडायच्या. भातगिरणीच्या मालकाच्या बायकोने तर नवरा सुधारला म्हणून विहाराला पंखा दान दिला.

हळूहळू हे नाव नदीच्या दोन्ही तीरांना पसरले आणि जिल्ह्याच्या गावी बीअरच्या वखारीपर्यंत पोचले. तिथल्या नव्या ड्रायव्हरने घाटावर येऊन पत्ता विचारला. त्या दिवशी उपोसथ होता. पाच गावांचे भंते जमले होते, अंगणात पांढऱ्या वस्त्रातल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. कुणीतरी त्याला भंते कुठे राहतात ते नीट सांगितले. त्याने गाडी सरळ विहारात घातली, भिक्खू दिसताच चपला काढल्या, आणि बीअरचे क्रेट अत्यंत आदराने, आवाज न करता, बोधिवृक्षाखाली रचले. म्हाताऱ्यांना वाटले शहरातून सरबत आले. त्यांनी क्रेटवर फुले वाहिली. कानाने अधू असलेल्या सर्वांत ज्येष्ठ भंतेंनी दात्याला दीर्घ आशीर्वाद दिला, आणि तो पूर्ण होईपर्यंत कुणाला मध्ये बोलता येईना.

त्याच दिवशी दुपारी भंते खामपूनच्या घरासमोर आले.

ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेला छत्री घेऊन उभे राहिले. खामपून अलीकडच्या कडेला. भंतेंनी बाईशी एकट्याने बोलायचे नसते म्हणून थोंगसाला बोलावणे गेले, तशी ती बोलावण्याआधीच आलेली होती. मधून एखादा ट्रक जायचा, तेवढा वेळ संभाषण थांबायचे.

"उपासिके," भंते म्हणाले, "नाव सुचलंय."

"आता नको, भंते. लोकांनी ठेवलंय."

"ऐकलं."

"चांगलं चाललंय त्या नावावर. पाठ झालंय सगळ्यांना."

"तेही ऐकलं." भंतेंनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "सुखसंगम कसं वाटतं?"

"न्हाव्याचं आहे ते."

"मित्रविहार."

"आधीच क्रेट विहारात जातायत. आणखी विहार कशाला?"

थोंगसा खोकली. भंतेंनी आणखी काही नावे सांगितली. एक लांबलचक पाली नाव तर ट्रक जाता जाता अर्धेच ऐकू आले, आणि खामपूनने उरलेले विचारले नाही. भावाच्या दाढीचे खुंट पांढरे उगवले आहेत हे तिला इतक्या लांबून प्रथमच दिसले. पहाटे पात्राकडे बघायचे असते, तोंडाकडे नाही.

"नावासाठी मी पावसाळ्याआधी आले होते," ती म्हणाली. "तेव्हा आंब्याचा मोहर सांगितलात."

भंतेंनी छत्री पुन्हा पहिल्या हातात घेतली.

"मला नाव नको," खामपून म्हणाली, आणि मग तिचा आवाज घसरला तो कैक वर्षे मागे. "बेडक्या, तू माझ्या दारावरनं जायचं का सोडलंस?"

थोंगसाने चटकन दुसरीकडे पाहिले. गावच्या भंतेंना या नावाने हाक मारलेली ऐकणे हेही पाप असावे. भंतेंच्या हातातली छत्री किंचित कलली आणि त्यांच्या मुंडण केलेल्या डोक्यावर ऊन आले.

"मद्यशाळेच्या दारात भिक्खूनं थांबू नये, असा नियम आहे, आक्का," ते सावकाश म्हणाले. "मी केलेला नाही. मी केला असता तर एवढ्यात बदलला असता."

ट्रक गेला. मागोमाग दुसरा. धूळ खाली बसेपर्यंत भंते घराखालच्या अंधाऱ्या गारव्याकडे बघत होते. स्टुले एकावर एक उलटी रचलेली होती. मागाच्या पायरीवर कोंबडी बसली होती. चुलीत राख.

"हे उघडतं कधी?"

"दिवेलागणीला."

"आणि पहाटे?"

"पहाटे काय असणार? कोंबड्या. मी भात चढवते."

"स्टुलं?"

"माडीवर नेऊन ठेवते, चोरीला जातात म्हणून. बर्फाची पेटी पण ओढून घेते."

"म्हणजे पहाटे इथं तुझं घर असतं."

"मग आणखी काय असणार?"

भंतेंनी छत्री सरळ केली. ते बराच वेळ त्या कोऱ्या फळीकडे, दोन मोरांच्या मधल्या जागेकडे बघत राहिले.

"दिवेलागण," ते म्हणाले. "हे नाव ठेव."

"एवढंच?" थोंगसाला राहवले नाही. "शवपेटीवाल्यालासुद्धा पाली मिळालं, भंते."

"ड्रायव्हरांना वाचता यायला हवं." मग ते बहिणीकडे वळले. "फळी दिवे लागल्यावर टांगायची. गिऱ्हाईक गेलं की उतरवायची. रोज."

"रोज?" खामपून म्हणाली. "वर चढून? या गुडघ्यांनी?"

"रोज. चुकवायचं नाही."

ते वळून निघाले. थोंगसा बडबडत राहिली की असले कसले नाव, हे तर कुणीही सांगितले असते, आणि फळी काढ-घाल करायची म्हणजे काय, भंते आता थकले. खामपूनने सिंगखामला निरोप धाडला आणि येताना शिडी आण म्हणून सांगितले.

नाव निळ्या रंगात लिहिले गेले. सिंगखामने शेवटची कोंबडी खाल्ली. त्या रात्री गिऱ्हाईक पांगल्यावर खामपूनने शिडी लावली, फळी उतरवली, माडीवर नेली आणि तिचे तोंड भिंतीकडे करून ठेवली. स्टुले वर गेली. पेटी वर गेली. तिने घराखालची जमीन दोनदा झाडली, आणि मग कधी नव्हे तो मागही ओढून पुन्हा मधोमध आणला.

पहाटे ती टोपली घेऊन बसली. चिंचेपाशी चीवरे दिसली. तिने खाली मान घातली, कारण त्यांचे वळणे बघायचे नव्हते. अनवाणी पावलांचा आवाज कालव्याकडे गेला नाही. तो जवळ आला आणि थांबला.

ती टोपलीचे झाकण काढते आहे तोच एक ट्रक घरासमोर येऊन करकचत उभा राहिला. रात्रभर गाडी हाकून आलेला, लालभडक डोळ्यांचा ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"मावशी, भंतेंच्या बहिणीचा बार तो हाच ना?"

भिक्खूंच्या रांगेतले कुणी हलले नाही. भंतेंची नजर नियमाप्रमाणे चार हात पुढच्या जमिनीवर होती.

खामपूनने भाताचा गोळा वळला.

"पहाटे नसतो," ती म्हणाली.

ड्रायव्हरने घराखालच्या मागाकडे पाहिले, कोंबड्यांकडे पाहिले, हात जोडले आणि गाडी पुढे घेतली. आवाज पार घाटापर्यंत विरून जाईस्तोवर भंते उभे होते. मग त्यांनी पात्राचे झाकण उघडले.