उजवा कौल

दर गुरुवारी संध्याकाळी कांदिवलीच्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा उरत नसे. शेजारच्या बिल्डिंगमधली माणसं यायची, त्यांचे पाहुणे यायचे, आणि ज्यांना काहीच काम नाही अशी तर हमखास यायची. ही सगळी जत्रा भरायची ती एका जुन्या पांढऱ्या गाडीभोवती. बॉनेटवर भगवी शाल, आरशांना झेंडूचे हार आणि वायपरच्या फटीत खोचलेल्या उदबत्त्या, असा तिचा थाट असे.

"शांत! एकदम शांत!" शिवदासबुवा हात वर करायचे. "देह पंचमहाभूतांत विलीन झाला, पण आत्मा चेसिसमध्ये अडकला. सायन्सवाले हसतात. हसू दे! लोखंडात जीव नसता तर ब्रेक मारल्यावर गाडी थांबली असती का?"

या प्रश्नावर लोक माना डोलवायचे. ब्रेकचा आणि जिवाचा काय संबंध, हे विचारायचं धाडस कोणी करत नसे.

मग बुवा प्रश्न विचारायचे. त्यांचा शिष्य कुंडलिक गाडीच्या मडगार्डवर दोन्ही तळवे टेकून डोकं लावून नमस्कार करायचा आणि हात जोडून बाजूला व्हायचा. आणि त्याच क्षणी गाडीच्या पोटातून आवाज यायचा. लांबलेला, थकलेला, कण्हल्यासारखा. आवाज उजव्या चाकातून आला तर हो, डाव्यातून आला तर नाही. कोकणातल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नव्हतं. गावी देवाच्या अंगाला फुलं चिकटवून कौल लावतातच, उजवं पडलं की होकार, डावं पडलं की नकार. बुवांनी तो कौल देवळातून उचलून पार्किंगमध्ये आणला, एवढंच.

गाडी सुबोधची होती. चौतिसाव्या वर्षी ऑफिसातल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्याचं हृदय बंद पडलं. तेराव्यानंतर धाकट्या भावाने, निलेशने, गाडी पुसायला घेतली आणि तिच्यावर हात टेकला, तशी गाडी कण्हली. गॅलरीत उभ्या असलेल्या आईने, विमलाबाईंनी, तो आवाज ऐकला आणि त्या अनवाणीच खाली धावल्या. बुवांना निलेशनेच आणलं. वाईट हेतूने नाही, आई काहीतरी खाईल या आशेने. आणि आई खरंच जेवायला लागली होती.

सुबोधची बायको रुचिरा गर्दीच्या मागे, जिन्याच्या पायरीवर उभी राहायची. ती शाळेत विज्ञान शिकवायची. हा आवाज तिला चांगला ओळखीचा होता. सुबोध जिवंत असतानाच गाडी कण्हत होती. "हिचे सांधे गेलेत गं, आईच्या गुडघ्यांसारखे," तो म्हणायचा. चाक वळतं आणि वरखाली होतं ते एका सांध्यावर, वाटीत बसवलेल्या लोखंडी गोळीवर. बॉल जॉइंट म्हणतात त्याला. त्यावरची रबरी टोपी फाटली की आतलं ग्रीस जातं, पाणी शिरतं, गोळी गंजते. मग गाडी दाबली आणि सोडली की ती कण्हते. रविवारी पार्किंगमध्ये गाडीखाली झोपून सगळी कामं तो स्वतः करायचा आणि रुचिरा बाजूला बसून पाने-हातोडी द्यायची. "येत्या रविवारी दोन्ही नवे टाकतो," असं तो म्हणाला, आणि तो रविवार आलाच नाही.

तिने हे घरात सांगितलं नाही असं नाही. मडगार्ड दाबूनही दाखवलं.

"बघा आई, मी दाबलं तरी वाजतं."

"वाजताच," विमलाबाई म्हणाल्या. "तू तेची बायको. तुका पण सांगता तो."

"पण हा आवाज आधीपासून होता हो!"

"तेव्हापासूनच त्याचा जीव तिच्यात गुंतत होता, वहिनी. बुवा म्हणाले तसं," निलेश म्हणाला. आवाज आला तर आत्मा, आधी आला तरी आत्मा.

रुचिरा गप्प बसलीही असती. म्हातारीला त्या आवाजाने दोन घास गोड लागतात तर लागू देत, असं तिने स्वतःला समजावलंही होतं. पण विमलाबाईंना साखरेचा आजार होता, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम काळी पडत चालली होती. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब ॲडमिट करा, नाहीतर पाय जाईल. त्या गुरुवारी बुवांनी गाडीला विचारलं, "बाळा, आईने इस्पितळात जावं का?" कुंडलिकने डाव्या बाजूला नमस्कार केला. डावा कौल. "मग माझा लेप लावावा का?" उजव्या बाजूला नमस्कार. उजवा कौल.

"माझ्या झिलान, माझ्या सुबोधान सांगल्यान," विमलाबाई म्हणाल्या, आणि इंजेक्शनची पिशवी त्यांनी कपाटात ठेवून दिली.

पुढच्या बुधवारी शाळेला सुट्टी होती. सासूबाई दुपारी झोपल्यावर रुचिरा खाली गेली आणि तिने डिकी उघडली. स्टेपनीखाली नव्या कोऱ्या जॉइंटचे दोन खोके होते, सुबोधने आणून ठेवलेले. शेजारी त्याचे हातमोजे. ग्रीस वाळून ते कडक झाले होते आणि बोटं अजून वाकलेलीच होती. ते हातात घालताना तिला रडू आवरेना.

तिने शाल बाजूला केली, जॅक लावला, खाली स्टँड सरकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, ही त्याचीच शिकवण. चाक काढायच्या आधी मात्र ती थांबली. स्टँड काढून जॅक पुन्हा उतरवला, उजव्या मडगार्डवर तळवे ठेवले, दाबलं आणि सोडलं. गाडी कण्हली. सगळं माहीत असूनही तिने तो आवाज डोळे मिटून ऐकला. मग गाडी पुन्हा उचलून कामाला लागली.

गंजलेला बोल्ट हलता हलेना. तेल सोडलं, वाट पाहिली, पान्याला पाइप लावून लटकली. सांधा बसवलेल्या जागी बाजूने हातोड्याचे घाव घातले, तेव्हा कुठे जुना जॉइंट खळकन सुटला. नवा बसवून तिने सगळे बोल्ट दोनदा आवळले. डाव्या बाजूला तिने मुद्दाम हात लावला नाही.

गुरुवारी बुवा रंगात होते.

"सुबोधा, आईने लेप चालू ठेवायचा ना?"

कुंडलिकने उजव्या मडगार्डवर नमस्कार केला आणि बाजूला झाला. काही नाही. त्याने पुन्हा नमस्कार केला. तिसऱ्यांदा तर अंगाचा सगळा भार टाकला. गाडी निमूट खाली गेली, निमूट वर आली.

"आत्मा मौनात गेलाय," बुवा म्हणाले. "कोणीतरी अपवित्र हात लावलाय!"

"मी लावला," रुचिरा पुढे आली. तिने डाव्या मडगार्डवर हात दाबून सोडला. गाडी कण्हली. उजव्या बाजूला दाबलं. गाडी गप्प. "बुवा, सुबोध फक्त डाव्या चाकातच कसा राहिला? आणि तुमच्या कुंडलिकचा नमस्कार झाल्याशिवाय तो बोलत का नाही?" तिने पर्समधून जुना जॉइंट काढून वर धरला. "उजवा कौल हा. काल मी काढून ठेवला. हा बिघाड सुबोधला माहीत होता, त्याने नवे सांधे आणूनही ठेवले होते."

"अगं बाई, म्हणजे आमच्या केयूरच्या व्हिसाचं जे सांगितलं ते?" शेजारच्या सुनंदाकाकू ओरडल्या आणि गर्दीत हशा पिकला. बुवा शाप देत देत शाल गोळा करायला लागले. कुंडलिक त्यांच्या आधीच गेटबाहेर पोचला होता.

रुचिराला हसू आलं नाही. विमलाबाईंनी तिच्या हातातून जॉइंट घेतला. हलवला. आतली गोळी करकरली. त्यांनी तो कानाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला. हसणारे एकेक करून पांगायला लागले.

"चल, आई," निलेश म्हणाला. त्याला मान वर करवत नव्हती. "रिक्षा आणतो. आत्ताच्या आत्ता ॲडमिट होऊ."

त्या इस्पितळात गेल्या. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. आठवडाभर आधी आणलं असतं तर कदाचित बोटं वाचली असती, डॉक्टर म्हणाले. पाय वाचला. इस्पितळातल्या खाटेवर विमलाबाईंनी सुनेचा हात धरला.

"रुचिरा, डावी बाजू असांदे गो. नाय म्हणता तरी चलात. पण बोलांदे तेका."

रुचिराने त्यांचं पांघरूण नीट केलं. पण झिजलेला सांधा एक दिवस रस्त्यात निखळतो आणि चाक आडवं होतं, आणि याच गाडीतून आईंना घरी न्यायचं होतं. रविवारी ती पुन्हा गाडीजवळ बसली. या वेळी निलेश पाने देत होता. मध्येच तो म्हणाला, "वहिनी, मीच आणलं ना त्या माणसाला." तिने हात पुढे केला आणि त्याने त्यात तेरा नंबरचा पाना ठेवला.

विमलाबाईंना घरी आणताना रुचिरा गाडी चालवत होती. सोसायटीच्या गेटपाशी स्पीडब्रेकर होता. तिने वेग कमी केला. पुढची चाकं चढली, उतरली. कुठूनही काही आवाज आला नाही. विमलाबाई मान पुढे करून ऐकत राहिल्या.

"काढलंस?"

"काढलं, आई."

त्या खूप रडल्या. मुलगा गेल्यापासून आवाजाच्या आशेने अडवून धरलेलं सगळं रडणं त्या पार्किंगमध्ये रडल्या. रुचिराही रडली. दोघींनी एकमेकींना धरून ठेवलं. सुबोध आता कुठेच नव्हता, आणि हे दोघींना एकदमच कळलं.

पुढे काही महिन्यांनी सुनंदाकाकू धावत आल्या. मागच्या बिल्डिंगमध्ये एका भिंतीतून तीर्थ पाझरतंय, लोक बाटल्या भरून नेतायत, चला लवकर! विमलाबाईंनी काठी घेतली, चपलेत उरलेली तीन बोटं सरकवली.

"चला आई, मीपण येते," रुचिरा उठली.

"तू येच," विमलाबाई म्हणाल्या. मग सुनंदाकाकूंकडे वळल्या. "हात मागून जोडा, बाय. पयला वरच्या मजल्यावर जावन न्हाणीघराचो नळ बघा. देव असलो तर तेचा कायएक बिघडाचा नाय. आणि नसलो तर कोणाचो तरी पाय वाचात."