वाद न होणारी गोळी

तळहातावरचं काडतूस लांबट, बारीक, बोरूसारखं... आणि करामा पुन्हा एकदा मनाशी म्हणाला, ह्या वर्षी वाद होणं शक्यच नाही. अख्ख्या खोऱ्यात अशी गोळी दुसऱ्या कुणाकडे नाही. बुखैत छाती पिटू दे, शपथा घेऊ दे, रानबोकडाच्या पोटातून ही निघाली की सगळ्यांची तोंडं बंद – एवढं म्हणून त्यानं ते बंदुकीत सारायला घेतलं, आणि ते बोटांतून निसटलं, कड्याच्या कडेवर क्षणभर विचार केल्यासारखं थांबलं आणि टण टण करत खालच्या घळीत गेलं.

बरं. चार उरली.

खाली हाकारे अजून लांब होते. ढोल ऐकू येत होता, पण असा, की कुणी शेजारच्या गावात धान्य कांडतंय. कड्यावर ठरावीक अंतरानं गावची माणसं दगडांआड बसली होती. पलीकडच्या दगडाआड बुखैतचं फडकं दिसत होतं, हिरवं. मुद्दाम हिरवं बांधलंय, मला दिसावं म्हणून.

गेल्या वर्षी बोकड पडला तेव्हा शिकारीचा मुकादम आशूर ह्यानं सगळ्यांसमक्ष तो फाडला होता. रीतच आहे ती – ज्याची गोळी आत, त्याची शिंगं. आत गोळी निघाली एक, आणि करामाची बंदूक इंग्रजी, बुखैतचीही इंग्रजी, गोळ्या जुळ्या बहिणींसारख्या. मग शपथा झाल्या. बुखैतची शपथ मोठ्या आवाजात झाली. ती शिंगं आता त्याच्या घराच्या कोपऱ्यावर आहेत, मशिदीच्या वाटेवरच, आणि तेव्हापासून बाबा मशिदीला विहिरीकडून वळसा घालून जातात. गुडघे दुखतात तरी. काही बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं...

म्हणून शिबामच्या बाजारात तो सबैतच्या दुकानात गेला होता. सबैतनं एकामागून एक इंग्रजी बंदुका पुढ्यात टाकल्या. ‘‘ही घे. हिची गोळी वाण्याकडेसुद्धा मिळते.’’

‘‘मग नको.’’

‘‘नको?’’

‘‘जिची गोळी कुणाकडेच मिळत नाही अशी दाखव.’’

सबैतनं त्याच्याकडे, मग बाहेर उभ्या त्याच्या गाढवाकडे पाहिलं, दोघांत शहाणं कोण ते ठरवत असल्यासारखं. ‘‘इतकी वर्षं धंदा करतोय बाबा, पण असं गिऱ्हाईक... थांब.’’ आणि मागून त्यानं ती काढली. जावाहून परतलेल्या कुणाची तरी, डच बनावटीची, हलकी, सडपातळ, दस्ता गुळगुळीत. खांद्याला लावली तर अशी बसली की जणू तिथंच वाढली होती. करामानं गाढव देऊन टाकलं. गोळ्या? ‘‘गोळ्या जावात,’’ सबैत म्हणाला. ‘‘बोटीनं जा.’’

बोटीनं जावं लागलं नाही. जावात उमेदीची वर्षं घालवून आलेला बा-रजा नावाचा म्हातारा तरीमला मध विकतो, हे कुणीतरी सांगितलं. पाहतो तर काय, त्याच्या तराजूत वजनं म्हणून तीच काडतुसं!

‘‘वजनं दिली तर मध कशानं तोलू रे पोरा?’’

‘‘दगडानं तोला, काका.’’

‘‘दगडावर गिऱ्हाइकाचा विश्वास नसतो. गोळीवर असतो.’’

शेवटी त्यानं पाच दिली, तीही चिकट. करामानं घरी ती राखेनं घासली. त्याचं राख फुंकणं, घासणं, पुसणं बाबा ऐकत होते – डोळ्यांनी आता थोडंच दिसतं त्यांना. म्हणाले, ‘‘हिचा आवाज वेगळा असेल ना रे?’’ एवढंच. पण वर्षभरात शिकारीबद्दल विचारलेलं ते पहिलं वाक्य होतं.

ढोल एकदम जवळ आला.

बोकड घळीच्या तोंडाशी उभा होता. तो आला कधी ते दिसलंच नाही. दगडच वळून बोकड झाला. शिंगं मागे, पाठीवर टेकतील अशी. करामानं श्वास धरला... आणि त्याच वेळी शेजारून बुखैतची बंदूक वाजली, दोनदा, आणि त्या दोन आवाजांच्या मधे कुठंतरी त्याचीही – कोरडी, फांदी मोडल्यासारखी. बोकड गुडघ्यावर आला, पडला. खाली, बोकडाच्या बऱ्याच पलीकडे सावलीत बसलेला मुकादम आशूर ओरडत उठला. त्याची कॉफीची तांब्याची किटली लवंडली होती.

मुकादमानं बोकड फाडला. मांडीत एक जाड इंग्रजी गोळी. बरगडीत एक बारीक भोक, आणि पलीकडच्या बरगडीतही एक. बस्स.

‘‘हे माझं,’’ करामा म्हणाला. ‘‘आरपार गेलीय. बारीक आहे ना ती.’’

‘‘भोक कुणाचंही असतं,’’ मुकादम म्हणाला. ‘‘गोळी दाखव.’’

‘‘आरपार माझी दुसरी गेली,’’ बुखैत हसला. ‘‘आणि ह्याची गोळी हवीय ना? ही घ्या.’’ त्यानं किटली उलटी केली. कॉफीच्या चोथ्याबरोबर ती बाहेर पडली, लांबट, जराशी वाकलेली. सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. कुणीच वाद घातला नाही.

‘‘बोकडातून गेली आणि मग किटलीत...’’

‘‘किंवा सरळ किटलीत,’’ मुकादम म्हणाला. ‘‘माझ्या गुडघ्यापासून वीतभर! घे, आता तूच वाहा ती.’’

उतरताना किटली पाठीवर वाजत होती. पुढे बुखैतच्या खांद्यावर शिंगं, गाणी, टाळ्या. करामा तो क्षण परत परत आठवू लागला – नेम, बोट, धक्का. बोकड दिसत होता. मग पडलेला बोकड दिसत होता. मधलं काही दिसतच नव्हतं. मी डोळे मिटले होते का? धक्क्यानं मिटतात माणसाचे. मग गेल्या वर्षी? गेल्या वर्षीही मिटले असतील तर... त्या गोळीबद्दल इतकं सगळं वर्षभर मी कशाच्या जोरावर – आणि बाबा तो वळसा... पायाखालचा दगड हलला. त्यानं किटली सावरली. बुखैतनं मागे वळून विचारलं, ‘‘दमलास का रे?’’ साध्याच आवाजात विचारलं.

वेशीत शिरताना सगळे शिकारी हवेत बार काढतात. बाबा वेशीच्या भिंतीला धरून उभे होते, मान तिरकी, कान पुढे. बंदुका वाजल्या, एकसारख्या, जाड. करामानं घोडा ओढला. खट्ट झालं. दुसरं काडतूस भरलं. खट्ट.

तिसरं निम्मं आत जाऊन मधानं चिकटून बसलं.