आत्याची हक्कसोड

सिद्धेश बिल्डर झाला तो सख्ख्या आत्याचं घर पाडून. उगाच आडपडदा कशाला! इतरांचा पहिला प्रोजेक्ट कसा उभा राहतो देव जाणे, याचा असा राहिला.

पाच वर्षं तो अलिबागच्या एका एजंटाच्या हाताखाली मुंबईकरांना प्लॉट दाखवत फिरला. उन्हात करपायचा हा, आणि हार घालून फोटो काढायला एजंट. शेवटी याचं डोकं फिरलं. रेवदंड्याच्या अलीकडे बापाची एकरभर वाडी होती, तिथे आठ बंगले बांधायचं त्यानं ठरवलं. नकाशा झाला, ब्रोशर छापलं, बँकवालाही गळाला लागला. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. डांबरी रस्त्याकडच्या कोपऱ्यात मनुबाईचं घर होतं.

मनुबाई म्हणजे त्याचा बाप भागोजी याची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, सासरच्यांनी महिन्याभरात घराबाहेर काढलं. तेव्हा आजोबांनी तिला वाडीत दोन खोल्या बांधून दिल्या आणि मरण्याआधी सातबाऱ्यावर भागोजीच्या जोडीला तिचं नाव लावलं. तीस वर्षं ती तिथे राहिली. सिद्धेशची आई सदा आजारी, त्यामुळे याला न्हाऊमाखू घातलं तेही हिनंच. पण ते घर उभं असेपर्यंत आत रस्ता नाही, आणि रस्ता नाही तर मंजुरी नाही.

तिचा वाटा विकत घ्यावा, हा विचारसुद्धा त्याच्या मनाला शिवला नाही. आपल्याकडे बहिणी हक्कसोड करतात. भावाच्या नावे वाटा सोडायचा, साडी घ्यायची आणि माहेर राखायचं. वाटा मागणारीकडे भाऊबीजेला कोणता भाऊ जातो?

तो साडी घेऊनच गेला.

"आत्या, कागदावर दोन नावं असली की बँक अडते. बाबांच्या एकट्याच्या नावावर करून टाकू."

"आनि मी रं?"

"तू कुठं जातेस? घर तुझंच. वरचे पत्रे पण बदलून देतो."

"लिवून देशील?"

सिद्धेशनं तोंड एवढंसं केलं. "माझ्याकडून लिहून मागतेस, आत्या? माझ्याकडून?"

बिचारी मेल्याहून मेल्यासारखी झाली. "न्हाय रं पोरा, आपलं इचारलं."

अलिबागला नोंदणीच्या वेळी मशीन तिचा अंगठा घेईना. जन्मभर मिठात मासळी खारवण्याची मजुरी केलेली, बोटांवर रेषा राहिल्याच कुठे होत्या? एकदा झालं, चारदा झालं. "माजाच मेला अंगठा वाईट," ती ओशाळून म्हणाली. सिद्धेशनं तो रुमालानं पुसला, चोळला, तोंडाची वाफ दिली आणि काचेवर दाबून धरला. घेतला एकदाचा!

"आजी, राजीखुशीनं ना?" कारकुनानं विचारलं.

"व्हय. माज्या भावालाच तर देते."

पावसाळा सरला आणि जेसीबी दारात आला. मनुबाई पडवीत बसून राहिली.

"सिद्धू, घर माजं हाय म्हनालास तू."

"कागदात बघ ना आत्या. लिहिलंय का कुठं?"

तिला वाचता येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नालायकपणाला काही हद्द!

ती भागोजीकडे धावली. तो जेवत होता. "दादा, सांग की त्याला." भागोजीनं ताटातलं डोकं वर केलं नाही. "पोरगा नवीन धंद्यात पडलाय, मनू. त्याला आडवी येऊ नको," एवढंच म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. मग मनुबाईनं हंडेकळशा स्वतःच बाहेर काढल्या. सिद्धेशनं तिला सिमेंटच्या गोण्यांशेजारी पत्र्याच्या खोलीत जागा दिली. बदल्यात नमुन्याचा बंगला झाडायचा, पाहुण्यांना सरबत द्यायचं. एवढं कोण करतं आजकाल, असं तो चारचौघांत सांगायचा.

पहिली पार्टी आली ती मुंबईच्या केतनभाईंची. बंगला पसंत पडला, चेकबुकही निघालं, पण गेटपाशी पडक्या जोत्याचे दगड बघून ते थबकले.

"इथे कोणाचं घर होतं? उद्या कोणी हक्क सांगत येणार नाही ना?"

"छे हो! अतिक्रमण होतं. एक बाई बसली होती घुसून. काढली."

मनुबाई सरबताचा ट्रे घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होती. केतनभाई तिच्याकडे वळले. "मावशी, तुम्ही इथल्याच ना? खरं आहे हे?"

म्हातारीनं एक शब्द वेडावाकडा काढला असता तर पहिलं बुकिंग गेलं, बँक गेली, सगळंच मुसळ केरात. मनुबाईनं त्याच्याकडे बघितलं. अंगाखांद्यावर वाढवलेलं पोर घामाघूम झालं होतं.

"खरं हाय," ती म्हणाली. "कुठची कोन व्हती, आमाला पन ठावं न्हाय. सरबत घ्या."

चेक फाडला गेला. गाडी रस्त्याला लागली तसा सिद्धेश टुणकन उडी मारून तिच्यापाशी आला.

"झकास बोललीस, आत्या! उद्या पनवेलची माणसं यायचीत. त्यांना पण अस्संच सांग."

मनुबाई उष्टे ग्लास गोळा करत होती.

"सांगंन की, सायब," ती म्हणाली.