रुखवतातला टेबलक्लॉथ

वर्षभरात भरपूर पोती विकली म्हणून सिमेंट कंपनीनं माझ्या वडलांना, अप्पांना, सिंगापूरची दोन तिकिटं बक्षीस दिली. उचगावात पेढे वाटून झाल्यावर अप्पा म्हणाले, "मला न्हाय विमानात बसवत. तुमी मायलेकी जावा." ही २००६ सालची गोष्ट. अव्वा, म्हणजे माझी आई, दोन दिवस नको नको म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी शेंगाचटणी कुटायला बसली. मला मात्र तिकीट आल्यापासून जाऊच नये असं वाटत होतं. कारण सिंगापुरात आयरीन होती.

आयरीन माझी इंटरनेटवरची मैत्रीण. शाहूपुरीतल्या सायबर कॅफेत मी आठवड्यातून दोनदा जायची. तिथं मला क्रॉस स्टिचचं भरतकाम करणाऱ्या जगभरच्या बायकांचा एक ग्रुप सापडला होता. आयरीन पन्नाशीची, मी सत्तावीसची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, लग्न झालंय का? मी लिहिलं, हो. ते काही खोटं नव्हतं, झालंच होतं. ते आठ महिनेच टिकलं आणि मी पेटी घेऊन माहेरी परत आले, हे मात्र लिहिलं नाही. गावात मी बाहेर पडले की बायका चेहरा पाडून विचारायच्या, "बरी हाईस न्हवं गं?" तसं विचारणारी आणखी एक मला नको होती.

मग काय, नवरा सांभाळणं आलं. दोन वर्षं मी प्रभुलिंगला आयरीनपुरता नांदवला. त्याला कटाची आमटी आवडते, तो फिरतीवर असतो, येताना माझ्यासाठी रेशमाच्या लड्या आणतो. आमची दोघांची नावं भरलेल्या, रुखवतातल्या टेबलक्लॉथचा लग्नातला फोटोसुद्धा मी तिला धाडला होता. खरा प्रभुलिंग एवढा गुणाचा असता तर मी कॅफेत कशाला गेले असते?

त्याला रजा मिळाली नाही, असं कळवून मी एक बाजू मिटवली. राहिली अव्वा. तिला मराठी आणि कानडी सोडून तिसरी भाषा येत नव्हती, त्यामुळे दोघींच्या मधे बोलणारी मीच. 

चौथ्या दिवशी दुपारी टूरवाल्यानं सगळ्यांना दोन तास खरेदीला सोडलं. आयरीन आमच्या हॉटेलातच आली. बुटकी, चष्मेवाली, केस बारीक कापलेले. तिनं मला मिठीच मारली आणि अव्वापुढं हात जोडले. आम्ही सोफ्यावर बसलो, चहा आला.

"मग, आला का तो फिरतीवरून?" आयरीननं इंग्रजीत पहिलं तेच विचारलं.

"आला," मी म्हटलं.

"काय म्हणतीय?" अव्वा.

"प्रवास बरा झाला का विचारतीय."

"व्हय म्हणावं. आणि सांग तिला, आमच्या पोरीला गावात जिवाभावाचं कोण न्हाय. तुमचं पत्र आलं की दोन दिवस घरात गाणं म्हणती बघा. लई उपकार हाईत म्हणावं."

मी आयरीनला सांगितलं, "आई म्हणते, तुमचं शहर फार स्वच्छ आहे."

अव्वा माझ्याकडं बघत राहिली. "मी एवढं बोलले की गं. तेवढंच सांगितलंस?"

"इंग्रजी आखूड असती अव्वा."

 घड्याळात बघितलं तर अजून दीड तास बाकी. तेवढ्यात अव्वानं पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं काढलं. "रिकाम्या हातानं कसं भेटायचं?" म्हणत तिनं ते आयरीनच्या मांडीवर ठेवलं.

कागदातून भरतकामाचं जाळीदार मॅटीचं कापड डोकावलं आणि मी ओळखलं. तोच टेबलक्लॉथ. चारी बाजूंनी राघू, मधोमध लाल धाग्यानं इंग्रजीत त्याचं नाव आणि माझं. परत आल्यावर मी तो पेटीच्या तळाशी टाकला होता आणि नंतर कधी उघडला नव्हता. पण क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. बरंच झालं, नाव बघून आयरीनची खात्रीच पटेल.

आयरीननं कापड उलगडलं. राघू होते. माझं नाव होतं. त्याच्या नावाच्या जागी एक भलंथोरलं, वेडंवाकडं पिवळं फूल होतं.

 आयरीननं फुलावरून बोट फिरवलं आणि भरतकाम करणारी कुठलीही बाई करते तेच केलं. कापड उलटं केलं. मागं छिद्राछिद्रात लाल तंतू अडकलेले होते. चष्मा कपाळावर चढवून ती एकेक अक्षर लावत गेली.

"प्रभू," ती म्हणाली. मग पुन्हा सुलटं करून, "हे फूल तू भरलेलं नाहीस. तुझे टाके मी ओळखते. त्याचं नाव कुणी काढलं?"

"धुताना रंग गेला" असं सांगायला मी तोंड उघडलं.

"प्रभू म्हणाली की ती!" अव्वा म्हणाली. "तेवढं कळतंय मला. सांग तिला, मी उसवलं. तू कॉम्प्युटरवर गेलीस की मी ह्ये काढून बसायची. हातात सुई कधी धरली न्हवती, बोटांची चाळण झाली. जागा भुंडी दिसाय लागली म्हणून फूल काढलं. नीट न्हाय आलं. पण राघू तुझ्या हातचं हाईत, पेटीत कशाला कुजवायचं? चांगल्या माणसाच्या घरात जाऊ द्यात म्हटलं. सगळं सांग. आखूड करू नगंस."

मी शाहूपुरीत बसून ज्याला टाक्याटाक्यानं जोडत होते, त्याला ही घरात बसून उसवत होती. मला रडू फुटलं. रडत रडतच मी आयरीनला सांगितलं. आधी माझं, की नवरा नाही, दोन वर्षं मी तुझ्याशी खोटं बोलले. मग अव्वाचं, शब्दन् शब्द.

आयरीननं चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग तिनं पर्समधून रंगीत कागदात बांधलेली एक लांबट डबी काढून टेबलावर ठेवली. "त्याच्यासाठी टाय आणला होता," ती म्हणाली. "मला राग आलाय, विद्याश्री."

ती आता उठून जाणार, हे मला दिसतच होतं. तिनं पुन्हा पर्समध्ये हात घातला आणि एक सुई काढली. कापड गुडघ्यावर उलटं ओढून ती फुलावर वाकली.

"अगं, काय करतीय ती?" अव्वा घाबरली. "फूल उसवतीय व्हय?"

"न्हाय अव्वा," मी म्हटलं. "तुझा धागा सुटाय लागला हुता. तो पक्का करतीय."