बाबांची बेगमी

मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात पत्र्याच्या कोठीवर बोटाचं पेर आपटल्याचा टकटक आवाज येई, आणि त्या आवाजावरून कोठी कुठवर भरली हे बाबा अचूक सांगत. देवळातली घंटा ऐकावी तशा भक्तिभावाने ते ती टकटक ऐकत. कपाळावरची शीर निवळे, ओठ किंचित विलग होत. दुसऱ्या कशानेही तो चेहरा इतका प्रसन्न झालेला मी पाहिला नाही, आणि म्हणूनच तो मला कधी आवडला नाही.

बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत ते कारकून. राज्यांची वाटणी होऊन नागपूर पलीकडे गेलं, तरी नागपुरात प्लॉट घ्यायचा हे त्यांचं ध्येय अढळ राहिलं. सुगी सरली की आम्हांला समोर बसवून ते वर्षाचा खर्च ठरवत. तेल किती, लुगडी किती आणि प्लॉटासाठी शिल्लक किती. या साऱ्या शास्त्राचा मुकुटमणी म्हणजे तांदूळ. आईच्या माहेराहून, हट्ट्याहून, नवा चिन्नोर येई, तोही फुकट, आणि ओसरी त्याच्या सुगंधाने भरून जाई. पण जुना तांदूळ शिजताना फुगतो, नवा फुगत नाही. म्हणून नवा वर्षभर कुलपात, आणि ताटात गेल्या सालचा, किडे निवडलेला, गंध हरवलेला. सुवासाच्या गावची ती बाई सबंध संसार निर्गंध भातावर जगली. शेजारी म्हणत, काय नियोजन आहे! चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, याला नियोजन म्हणत असतील तर होतं खरं.

आई अंथरुणाला खिळली त्या वर्षीही माहेरचा तांदूळ आला. पोतं ओसरीवर उघडलं तसा तापाने सुकलेल्या तिच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड पसरला. कधी काही न मागणारी ती, त्या दिवशी म्हणाली, "अवो, एक डाव नव्या तांदळाची पेज करू द्या नं. मले लय मन होऊन राह्यलं."

"जुनाच हलका असते, पचते. डाक्टरबी हेच सांगते," बाबा म्हणाले. "बरी झाली का मंग खाजो."

त्यांच्या क्षुद्रपणाला नेहमीच एखादं शहाणं कारण सापडे. आईने मान भिंतीकडे वळवली. मी कोठीपर्यंत गेले आणि परत आले. किल्ली त्यांच्या कमरेला होती हे खरं; मी ती मागितली नाही, हेही खरं.

आई बरी झाली नाही. पौषात गेली.

तेराव्याच्या सकाळी मी किल्ली मागितली नाही, ओढून घेतली. नवा चिन्नोर रांधला. वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला, पंगतीतली माणसं मिटक्या मारत जेवली. बाबांनी भात बोटांनी चाचपला आणि माझ्याकडे न बघता पुटपुटले, "पाह्यलं? फुगला नाई."

पुढे प्लॉट झाला, त्यावर घर झालं, बाबाही गेले. काळ माणसाला क्षमा शिकवतो म्हणतात. माझ्या वाट्याला तो धडा आला नाही. आई जाऊन कितीतरी वर्षं लोटली, पण तिची आठवण यावी आणि तीत बाबा नसावेत, असं आजवर एकदाही झालं नाही.