मायाक्काचा हेल

होटगीच्या अलीकडं एक धनगरवस्ती आहे. तिथं मयत झालं की तिरडीचे बांबू मागून आले तरी चालायचे, पण मायाक्का आधी यायला लागायची. हेल काढून रडावं तर तिनंच. गेलेल्याला नात्यानं हाक मारायची, त्यानं केलेलं एकेक आठवून सांगायची, मधेच दोन शिव्याही हासडायची. दगडाला पाझर फुटावा असं रडायची बया.

एका म्हाताऱ्याच्या मयताला तिच्या सुनेनं, राजनंदिनीनं, ते रडणं मोबाईलवर घेतलं. ही पोरगी नवी पेठेतल्या एका साडीच्या दुकानात कामाला. दिवसभर पदर उडवत साड्यांचे रील करायची, म्हणजे हाताला सवयच. दोन दिवसांत मायाक्का घराघरात पोचली. आता मेलेल्याच्या पोराला कुणी विचारलं होतं का? कशाला विचारतील! उलट तोच हरखून सांगत सुटला, "बाबाला जित्तेपणी वस्तीत कुणी वळकत न्हवतं, आता पार नांदेडातनं फोन येत्यात की!"

तोंड वाकडं केलं ते एकट्या बजाबाईनं. मायाक्काची ही थोरली जाऊ. चाळीस वर्षं दोघी एका चुलीवर भांडल्या आणि एका ताटात जेवल्या. आता बजाबाई अंथरुणाला खिळली होती आणि आपलं काही खरं नाही हे तिला कळून चुकलं होतं.

"माये," ती म्हणाली, "असं समद्यांस्नी वाटत सुटलीस तर माज्या वाट्याला काय उरंल गं?"

"तुजं येगळं ठिवलंय की बाई," मायाक्का म्हणाली. आणि तिनं ठेवलंही होतं. बजाबाईवर रडायचं ते असं, की साऱ्या वस्तीला कळलं पाहिजे कोण गेलं ते. एवढं एकच तिच्या मनात होतं.

पण जगाला दम कुठला! राजनंदिनीच्या दुकानाच्या मालकानं काचेतली, साडी नेसवायची, हात मोडलेली बाहुली दुकानात आडवी घातली, तिच्यावर इरकल पांघरली आणि म्हणाला, "आक्का, आज सेल संपतोय. यावर रडा."

"मेल्याबिगर म्या रडत न्हाय."

"मरतोयच की तो. संध्याकाळी आठला."

सून डोळ्यांनी विनवायला लागली. शेवटी मायाक्का बसली. "अरं माज्या पन्नास टक्क्या, कुटं गेलास रं सोन्या!" बाहेर रिक्षा अडकल्या, बाया डोळे पुसत आत घुसल्या आणि चार-चार साड्या घेऊन गेल्या. मायाक्काला घरी येताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तर ताळतंत्रच सुटलं. रेल्वेतनं रिटायर झालेला शिवप्पा नाकात कापूस घालूनच दारात आला. "आक्का, मेल्यावर म्या कुटं ऐकणार? आत्ताच रडा की." बाजेवर सरळ पडला. मायाक्का रडायला लागली, तसा एक डोळा उघडून म्हणतो, "बढतीचं ऱ्हायलं." दुसऱ्या दिवशी अंगणात अकरा माणसं ओळीनं मरून पडली होती आणि शेरडं त्यांच्या अंगावरनं उड्या मारत होती. एकानं आपल्या गुणांची यादी आणलेली. त्यातलं निम्मं त्याच्या बायकोनं खोडून टाकलं होतं.

आतनं बजाबाई ओरडली, "अगं, ही समदी जित्ती हायती! आन् मरायला टेकलेली हितं हाय!"

मंगळवारी सकाळी ती खरंच गेली.

अंगणात तिला ठेवलं. माणूस लोटलं. मायाक्कानं तोंड उघडलं, "बाई गं, कुटं गेलीस गं..." आणि पुढं तिच्या डोळ्यांसमोर ती मोडकी बाहुली आली. शब्द गिळून तिनं दुसरा काढला, तर तो शिवप्पाचा. तिसरा काढला, तो यादीवाल्याचा. चाळीस वर्षांच्या जावेसाठी कोरा शब्द म्हणून तिला एक सापडेना. काळीज फाटत होतं बिचारीचं, आणि तोंडातनं निघत होता सेल.

आता आणखी एक रीत असते. रडणारीचा आवाज बसला की ती हात पसरते. मग बाकीच्या बाया तिच्या गळ्यात पडतात आणि तिचं रडं पुढं नेतात. एकटीला कुणी रडू देत नाही. मायाक्कानं हात पसरले. आणि उभी राहिली.

एकही बाई पुढं आली नाही. येणार कशी? हात कुणाचे मोकळे होते? समोर नुसते मोबाईल. बजाबाईच्या सख्ख्या लेकीच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं, पण हात हलू नये म्हणून तिनं श्वास धरला होता.

राजनंदिनी पुढं वाकली आणि हळूच म्हणाली, "आत्ती, हात वाईच खाली घ्या. तोंड दिसंना."

मायाक्कानं हात खाली घेतले. ती बजाबाईच्या शेजारी जमिनीवर आडवी झाली, तिच्या गार गालाला गाल लावला आणि तिरडी उचलेपर्यंत रडत राहिली. तोंडातनं हूं की चूं निघालं नाही.

राजनंदिनीनं तो रील टाकला. खाली शे-दीडशे जणांनी एकच लिहिलं, की आवाज येत नाही.