फिरत्या खोलीतली बॅटरी

मित्रांनो, सोनईला दिलावरचाचांच्या दारात चाकांवर उभी असलेली एक पत्र्याची खोली आहे. कधी तिकडे आलात तर आत जा आणि पलंगाची फळी उचला. खाली अंधारात काळ्या पेटीसारखी, अंगावर वायरी गुंडाळून बसलेली दिसेन ती मी. मी बॅटरी आहे, आणि आता बरीच जुनी झाले आहे. माझ्या पोटात शिशाच्या पट्ट्या आणि आम्लाचे पाणी आहे. मला हलवायला दोन माणसे लागतात. मला दिसत काही नाही, पण ऐकू सगळे येते. कोण किती वीज ओढते आहे, हे तर अंगालाच कळते.

माझा जन्म सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात झाला. माझ्याबरोबर तयार झालेल्या बाकीच्या बॅटऱ्या दुकानांत गेल्या, दवाखान्यांत गेल्या. लाईट गेली की दिवे-पंखे सांभाळायचे आणि लाईट आली की निवांत बसायचे, एवढेच त्यांचे काम. माझ्या वाट्याला मात्र फिरस्ती आली.

दिलावरचाचा एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी त्यांनी लोकांना लग्नाला, जत्रेला, माहेरी आणि कोर्टात नेऊन सोडण्यात घालवली. त्यांच्या बायकोला, मेहताबचाचींना, कुठे हिंडवून आणायचे मात्र राहूनच गेले. रिटायर झाल्यावर त्यांनी हे मनावर घेतले. त्यांचा पुतण्या फैयाज वेल्डिंगचे काम करतो. दोघांनी मिळून एका जुन्या ट्रेलरवर ही खोली उभी केली. दोन खिडक्या, एक पलंग, चहापुरता ओटा, टपावर सोलरचे पॅनेल आणि दाराबाहेर उभी करायची डिशची छत्री. जीपच्या मागे जोडली की खोली निघाली!

भंडारदऱ्याची पहिली सहल मला अजून आठवते. आसपास विजेचा खांब नव्हता. चाचांनी बटण दाबले, माझ्यातून वीज निघाली आणि टीव्ही लागला.

"अगं बाई, डोंगरात टीव्ही!" चाची लहान मुलीसारख्या ओरडल्या.

त्यांची मुलगी अर्शी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रे काढते, तीही लॅपटॉपवर. ती खिडकीशी बसून काम करत होती. लॅपटॉप बिचारा थोडीच वीज ओढायचा, टीव्ही त्याहून जास्त, आणि पंखा लागला की मला जरा दम लागायचा. तरी मी सगळ्यांना पुरून उरत होते. चाचांनी फळीवर थाप मारली आणि ते म्हणाले, "फैयाज, लोक इंजिनाचं कौतुक करत्यात. पर इंजिन नुसतं पोचवतं. तिथं राहू देती ती ही."

मित्रांनो, असे कौतुक ऐकले की बॅटरीलाही बरे वाटते.

चाचा माझी काळजीही तशीच घ्यायचे. बुचे उघडून पाणी बघायचे, कमी असेल तर बॅटरीचे शुद्ध पाणी भरायचे, वायरींची टोके पुसून त्यांना व्हॅसलीन लावायचे. मी निम्म्यावर आले की टीव्ही बंद म्हणजे बंद, मग मालिका कितीही रंगात आलेली असो.

पुढे एके दिवशी टपावरचे पॅनेल पुसताना चाचांचा पाय घसरला आणि ते खाली पडले. खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले, पण पाय पहिल्यासारखा झाला नाही. गाडी चालवायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले.

खोली दारातच उभी राहिली. पॅनेलवर धूळ साचली, चिंचेचा पाला पडला. इन्व्हर्टरचे बटण चालूच राहून गेले होते. तो काही काम नसतानाही थोडी थोडी वीज खात बसतो. मी रिकामी होत गेले. माझे पाणी आटले, पट्ट्या उघड्या पडल्या, टोकांवर पांढरी पूड चढली. मी कोणाला दोष देत नाही. घरात माणूस अंथरुणावर असताना पलंगाखालच्या बॅटरीकडे कोण बघणार? पण त्या दिवसांत माझी जी ताकद गेली, ती पुन्हा आली नाही.

चाचांचेही तसेच झाले होते. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. कोणी काही विचारले तर "हं" म्हणायचे. एसटीतले जुने सोबती भेटायला आले, तर झोपल्याचे सोंग घ्यायचे.

एका सकाळी खोलीचे दार उघडले. फळी वर झाली. मेहताबचाची आल्या होत्या. त्यांनी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवला आणि माझ्या टोकांवरची पूड जुन्या ब्रशने घासून काढली. मग बुचे उघडली आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "अहो! पाणी कुठवर भरायचं?"

आतून नुसते "हं" आले.

"मी भरते मग काठोकाठ!"

"काठोकाठ नको!" आतून चाचांचा आवाज आला. "उतू जाईल! थांब, हात लावू नको!"

काठीचा ठक ठक आवाज जवळ येत गेला. चाचा धापा टाकत खोलीच्या पायरीशी उभे राहिले. पडल्यापासून ते पहिल्यांदाच आपणहून उंबऱ्याबाहेर आले होते.  चाचींनी नुसती पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

मला चार्जिंगला लावले. मी भरले, पण लवकरच थकले. चाचांनी दोनदा तपासून पाहिले आणि ते म्हणाले, "मेहताब, ही आता निम्मीच राहिली."

"आपण तरी कुठं पुरे राहिलोय?" चाची म्हणाल्या. "निम्मं तर निम्मं. जाऊ की."

असे आम्ही खर्ड्याला गेलो. किल्ला दिसेल अशा एका माळावर फैयाजने खोली उभी केली आणि दोन-तीन दिवसांनी न्यायला येतो म्हणून तो जीप घेऊन परत गेला. चाचा खुर्ची टाकून बाहेर बसले. चाची चुलीवर भाकरी करत होत्या. अर्शी खिडकीशी होती. पुण्याच्या एका प्रकाशनाने तिला पहिल्यांदाच एक पुस्तक दिले होते आणि त्याची चित्रे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. फोनवर बोलता यायचे, पण चित्रे पाठवायला तिला टेकाडावर चढावे लागे. तिथेही रेंज जेमतेमच.

नेमके त्याच वेळी आभाळ भरून आले. पाऊस नाही आणि ऊनही नाही. पॅनेलकडून माझ्याकडे वीज यायची ती थेंब थेंब.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली, तेव्हा एक म्हातारी खोलीच्या दाराशी आली. तिच्या काखेत नुकते जन्मलेले कोकरू असावे, कारण ते सारखे बें बें करत होते.

"भाबी, येवडा फोन चार्ज करून देता का? कालपास्नं मेलाय."

"द्या की मावशी. बसा," चाची म्हणाल्या.

तिचे नाव गोजरबाई. माळाच्या पलीकडच्या अंगाला तिच्या मेंढ्यांचा तळ होता. फोन लावताना ती म्हणाली, "आमच्या कारभाऱ्याचा फोन येईल म्हून जीव लागलाय. कारभारी म्हंजी माझा ल्योक. त्यो नातीबरं गेलाय कुस्तीला. संस्कृती तिचं नाव. राज्याच्या फायनलला गेलीय म्हनं. टीव्हीवर दावनार हायेत."

"मग तुम्ही नाही गेलात, आजी?" अर्शीने विचारले.

"कसं जाऊ पोरी? मेंढ्या व्यायला लागल्यात. आन गावात जाऊन टीव्ही बघावा, तर म्हागं लांडग्याचं भ्या." ती जरा थांबली. "आई न्हाई तिला. म्याच वाढवली, मेंढरांच्या म्हागं. तालमीत गेल्यापास्नं दिवाळीला येती तेवडीच. कुस्ती खेळताना म्या तिला कदी बघितलंच न्हाई."

 सगळ्यांना एकच गोष्ट सुचली होती आणि ती सोपी नव्हती, हेही सगळ्यांना ठाऊक होते. चाचांनी काठी टेकत येऊन इन्व्हर्टरवरचे दिवे पाहिले.

"कुस्ती कधी हाय, मावशी?"

"आता, दिवस मावळायच्या आदी म्हनला हुता."

चाचांनी अर्शीकडे पाहिले असावे. "बेटा, ह्यात लॅपटॉप तरी चालंल, न्हाईतर टीव्ही. दोन्ही न्हाई व्हायचं."

अर्शीचे शेवटचे एक चित्र राहिले होते आणि लॅपटॉपमधले चार्जिंग संपत आले होते.  मग माझ्या अंगावरचा तो हलका भार एकदम उतरला. तिने पिन काढली होती.

"अब्बा, छत्री नीट करून टीव्ही लावा. मी प्रकाशनातल्या मॅडमना फोन करते."

फोनवरचे बोलणे मी ऐकले. अर्शी म्हणत होती, "उद्या सकाळी नक्की देते, मॅडम." पलीकडून काहीतरी तुटक उत्तर आले. अर्शीने "हो मॅडम, माझीच चूक" म्हणून फोन ठेवला आणि बाहेर जाऊन डिशची छत्री हलू नये म्हणून धरून उभी राहिली. चाचींनी पंखा बंद केला, दिवा बंद केला, गोजरबाईचा जेमतेम भरलेला फोनही काढला. मग शिडीवर चढून ओल्या फडक्याने पॅनेल पुसले. चाचा खालून ओरडत होते, "सांभाळून, मेहताब! मी एक पडलो तेवढं पुरे हाय!"

टीव्ही लागला. एका मुलीचे नाव पुकारले गेले आणि गोजरबाई उठून उभी राहिली.

"ही! हीच! लाल कापडातली! अगं, किती वाळलीय!"

"वाळली न्हाई मावशी, पैलवान झालीय," चाचा म्हणाले.

मित्रांनो, मी ती कुस्ती पाहिली नाही, पण एका म्हातारीच्या श्वासावरून ऐकली. समोरच्या मुलीने आधी गुण घेतला, तेव्हा गोजरबाईचा श्वास अडकला. मग चाचा ओरडले, "पट काढला! पाय धरून पाडली! शाब्बास!" कोकरूही बें बें करू लागले. गोजरबाई पडद्याजवळ गेली होती. "हात लावू का? काय हुतं का लावल्यानं?" असे ती विचारत होती आणि चाची म्हणत होत्या, "लावा हो, काही होत नाही."

मी मात्र थकत चालले होते. निम्म्याची खूण केव्हाच मागे पडली होती. एरवी चाचांनी टीव्ही कधीच बंद केला असता. आज त्यांनी बटणाला हात लावला नाही. इन्व्हर्टर पीं पीं करून ओरडू लागला. मी पट्ट्यांच्या तळाशी जे काही उरले होते, तेही काढून दिले. संस्कृती दोन गुणांनी पुढे होती. थोडीच कुस्ती बाकी होती.

आणि टीव्ही गेला.

 मला त्या वेळी जे वाटले, त्याला लाज हाच शब्द आहे. अर्शी धावत आत आली, "काय झालं? जिंकली का?"  चाचा म्हणाले, "मावशी, माफ करा. बॅटरी जुनी हाय."

"माफी कशाची भाऊ?" गोजरबाई खाली बसली. "माझी पोर बघितली म्या. डोळं भरून बघितली."

अजून उजेड होता, तोच तिचा फोन वाजला. अर्शीने तो स्पीकरवर लावून तिच्या हातात दिला. पलीकडे कारभारी होता. "आई, पोरगी रडायची थांबंना. शेवटाला समोरचीनं डाव टाकला. एका गुणानं गेली. तूच बोल."

मग नुसते हुंदके ऐकू आले. "आजी, मी हारले गं. सगळ्यांसमोर हारले. टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं."

"म्या पन बघितलं," गोजरबाई म्हणाली.

"तू? तू कुठं बघितलंस?"

"हितं माळावर. पावने आल्यात, त्यांच्या टीव्हीवर. पर त्यांची बॅटरी मदीच संपली बग. म्या तर तुला हारताना बघितलंच न्हाई. म्या बघितलं तवा तूच वर हुतीस."

हुंदके थांबले.  मग ती पोरगी रडता रडता हसली. "खरंच बघितलंस, आजी? पट काढलेला बघितलास?"

"बघितला की! त्या लंगड्या मेंढ्याला धरतीस तसाच धरलास."

चाची नाक ओढत बाहेर गेल्या. चाचा काठी ठेवून, दुखऱ्या पायाने कसेबसे खाली बसले. त्यांनी फळी उचलली आणि माझ्यावर हात ठेवला. "दमलीस? पड आता निवांत."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडले. मी हळूहळू उठले. अर्शीने चित्र पुरे केले आणि टेकाडावर जाऊन पाठवले. मॅडमनी चित्रे घेतली, पण पुढच्या पुस्तकाचे "बघू" म्हणाल्या. अर्शीने ते अम्मीला सांगितले आणि पुन्हा रंगवायला बसली. इतके रिकामे झाल्याने माझे वय आणखी वाढले आहे. पुढच्या सहलीला कदाचित माझ्या जागी नवी बॅटरी असेल. त्याचे मला दुःख नाही.

माझे एवढेच मागणे आहे. मित्रांनो, तुमच्या घरातही जिन्याखाली किंवा माळ्यावर माझ्यासारखी कोणीतरी बसलेली असेल. तिचे पाणी आटले तर ते बाहेरून दिसत नाही आणि तिला हाक मारता येत नाही. म्हणून मधूनमधून जाऊन तिचे बूच उघडून बघा, मोठ्या माणसांना सांगून पाणी भरून घ्या, काम नसेल तेव्हा इन्व्हर्टर बंद करा. माझी काळजी वेळेवर झाली असती, तर मी त्या संध्याकाळी आणखी थोडी टिकले असते. गोजरबाईला मी न टिकल्याचेच बरे वाटले, ही तिची माया. पण दर वेळी इतक्या मायेचे माणूस दाराशी येईलच, असे धरून चालू नका.